माझं दगडापर्यंत

बसा भाऊ, बसा बाई. या ओट्यावर बसा, इथं सावली आहे. शिंगाडे घ्या. आजच काढले, आजच उकडले. तुमच्या दलालाला बसायचं नसेल तर राहू द्या उभं. माझ्यासमोर बसायला त्याला जड जातं, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मला सारजाआजी म्हणतात. घर पाहायला जो येतो त्याला मी आधी इथं बसवते आणि मग हा दलाल माझ्या नावानं बोटं मोडतो.

घर पाहून आलात नं? चांगलं आहे. खिडक्या मोठ्या आहेत, सकाळी तलावावरून ऊन सरळ आत येतं. पण घराच्या मागचं कुंपण नीट पाहिलंत का? त्याला मधोमध एक खंड आहे. फाटक नाही, दार नाही, साखळीसुद्धा नाही. डोक्यावर घागर घेतलेल्या दोन बायका समोरासमोरून आल्या तर एकमेकींना धक्का न लागता जातील, एवढा रुंद खंड. काठावरची सगळी घरं पाहून या. गरिबाचं असो की बंगला असो, तलावाकडच्या कुंपणाला असा खंड सापडणारच. एका खंडातून दुसऱ्या खंडात, अंगणांमधून पाण्याकडे आमची पाऊलवाट जाते. आणि तिकडे खाली पाण्याला चिकटून, गवतात ते पांढरे दगड दिसतात? दिवाळीच्या आधी आम्ही बायका त्यांना चुना लावतो. या भल्या माणसानं तुम्हाला ते दगड दाखवले? नाही नं? मला वाटलंच होतं.

काय सांगितलं यानं? "जमीन थेट पाण्यापर्यंत तुमची, आणि तो खंड बुजवून लोखंडी फाटक बसवून देतो." हो ना? मान खाली घालू नको रे बाबा, मी तुला खात नाही. तू सांगायचं ते सांगितलंस, आता मी सांगते.

तुमच्या त्या रंगीत पाटीवर 'लेक व्ह्यू' लिहिलेलं आहे. लिहा बापा. आम्ही याला सायत्राचा तलाव म्हणतो. सायत्रा म्हणजे सावित्री. आमच्या तोंडी तिची सायत्रा झाली. कधीची गोष्ट ते कुणालाच सांगता येत नाही. माझ्या आजीला तिच्या आजीनं सांगितली होती आणि तिच्याही आधीपासून सांगत आले आहेत म्हणे.

हा तलाव देवानं दिलेला नाही. माणसांनी बांधला. असं सांगतात की साऱ्या परगण्यातल्या बायामाणसांनी मातीच्या टोपल्या वाहिल्या आणि ही समोरची पाळ उभी केली. पहिल्या वर्षी तलाव काठोकाठ भरला आणि जास्तीचं पाणी सांडव्यावरून खाली धानाच्या बांध्यांत गेलं. त्या दिवशी पाणी काठावर जिथवर चढलं होतं, तिथं तिथं बांधणाऱ्यांनी दगड रोवले. ठरलं असं, की दगडाच्या वर ज्याचं वावर त्याचं. दगडाच्या खाली तलावाचं पोट. पोट कुणाच्या मालकीचं नसतं. पाणी असेल तेव्हा आमच्या ढिवरांनी मासे धरावे, शिंगाडे लावावे. उन्हाळ्याकडे पाणी आत आत सरकू लागलं, की मागं जो काळा, लोण्यासारखा गाळ उघडा पडतो त्यात ज्यांना वावर नाही अशा बायांनी काकडी, डांगर, वाल पेरावे. गाळात पेरायचं म्हणून त्याला गाळपेर म्हणतात. पाऊस आला की पाण्यानं आपली जागा परत घ्यावी. ना भांडण, ना तंटा. पिढ्यानपिढ्या असंच चाललं होतं.

सायत्रा अशीच एक गाळपेर करणारी ढिवराची बाई. नवरा तापानं गेला होता. पदरात दोन लेकी. नवरा गेल्यावर होडी विकावी लागली, जाळं फाटलं, आणि उरला तो गाळाचा एक पट्टा. तिच्या बापानं तो पेरला होता, बापाच्या आईनं पेरला होता. पट्टा म्हणजे काय हो, चार काकड्यांच्या वेली आणि डांगराचे आळे. पण त्याच्यावर तीन जिवांची चूल पेटत होती. तो गेला असता तर लेकींना कुणाच्या तरी दारात भांडी घासायला ठेवावं लागलं असतं. हे तिला ठाऊक होतं आणि गावालाही ठाऊक होतं.

काठावरचं हे सगळं वावर तेव्हा एका म्हाताऱ्या मालकाचं होतं. त्याला मूलबाळ नव्हतं. देवमाणूस वगैरे नव्हता, पण भला होता. त्यानं म्हातारपणी वावर आणि घर विकायला काढलं. विकत घेणारा लांबून आला. रायभान त्याचं नाव. असं सांगतात की रायभानला पाण्याचं भारी वेड. त्याच्या मुलुखात नुसता मुरूम आणि काटे. इथं येऊन त्यानं भरलेला तलाव पाहिला, पाण्यात उतरलेलं आभाळ पाहिलं आणि तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं. तुमच्यासारखंच हो, बाई. रागावू नका. पाणी पाहिलं की माणसाचं असंच होतं.

आता इथं चूक झाली, आणि ती आमच्या लोकांची झाली. ते मी लपवणार नाही. त्या काळी जमीन विकली की विकणारा घेणाऱ्याला हाताशी धरून चारी शिवा फिरवून दाखवायचा आणि सोबत गावची माणसं असायची. म्हाताऱ्यानं तीन बाजू दाखवल्या. चौथ्या बाजूला, तलावाकडे, तो उतारावर उभा राहिला, पाण्याकडे हात केला आणि म्हणाला, "आणि इकडे इथवर." तलाव तुडुंब होता, पाणी दगडांना टेकलं होतं. पावसाळ्यानंतरचं गवत कमरेएवढं वाढलेलं. त्यात दगड बुडून गेले होते. सगळं गाव तिथं उभं होतं आणि एकानंही गवत बाजूला सारून दगड दाखवला नाही. काहून दाखवतील? आपल्या घराचा उंबरठा पाहुण्याला बोटानं दाखवतं का कुणी? जे सगळ्यांना माहीत असतं ते सांगायचं कुणाला सुचत नाही. गावानं माना डोलावल्या, विडा झाला, म्हातारा काशीला निघून गेला आणि रायभान मालक झाला.

हिवाळा सरला, पाणी उतरू लागलं. रायभाननं काय करावं? पाणी जसं मागं सरकेल तसं त्याचं काट्याचं कुंपण पुढं सरकू लागलं. आज दगडाच्या खाली, परवा आणखी खाली. लोक म्हणाले, मालक, दगड इथं आहे. तो म्हणाला, "कसला दगड? मला पाण्यापर्यंत दाखवलं. तुम्ही सगळे साक्षीला होता. पाणी जिथं जाईल तिथवर माझं." आणि झालं. पुढारी म्हणवणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप. खरंच त्याला कुणी दगड दाखवला नव्हता. साक्षीला तेच तर होते! मेले शरमेनं काही बोलेनात.

मला इथं फार राग येतो, भाऊ. ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, पण इथं आलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतोच. अहो, चूक झाली असेल तर चूक झाली म्हणा! पण नाही. मोठ्या माणसाशी कशाला भांडायचं, म्हणून बसले.

कुंपणाच्या आत बायांचे गाळाचे पट्टे गेले. पाण्याची वाट बंद झाली. आता घागर भरायची तर साऱ्या पाळेला वळसा घालून पलीकडच्या काठाला जायचं. पोटुशी बाईही जायची आणि म्हातारीही जायची. सायत्राच्या वेलींना नुकती फुलं-फळं धरली होती. रायभाननं त्याच्या म्हशी आत सोडल्या आणि वेली तुडवून टाकल्या. तिच्या धाकट्या लेकीनं म्हणे तुडवलेल्या काकड्या ओच्यात गोळा करून आणल्या. बोटाएवढ्या, कोवळ्या. त्या रात्री त्यांच्याकडे त्याच काकड्यांची भाजी झाली आणि दुसऱ्या दिवशी घरात काही नव्हतं.

सायत्रा रायभानकडे गेली. हात जोडून म्हणाली, "मालक, वर तुमचं, खाली तलावाचं. माझ्या लेकींच्या तोंडचा घास काढू नका." तो ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. म्हणाला, "बाई, मी विकत घेतलंय, फुकट नाही घेतलं. तुझ्याकडे काय आहे दाखवायला?" सायत्रा म्हणाली, "माझ्याकडे दगड आहे." तो हसला. त्याची माणसंही हसली.

मग ती गावपंचांकडे गेली. पंच चुळबुळ करू लागले. एक म्हणाला, दुसरीकडे कुठं पेर. दुसरा म्हणाला, मालकाकडे कामाला लाग. सायत्रा तिथंच, चार पुरुषांसमोर, पदर खोचून उभी राहिली. म्हणाली, "मला न्याय नको. मला फक्त शपथ पाहिजे. मालकानं तलावात उभं राहावं, ओंजळीत पाणी घ्यावं आणि त्याचं कुठवर आहे ते त्याच्या तोंडानं साऱ्या गावाला सांगावं. बस. मग मी बोलणार नाही."

रायभानला काय, आनंदच झाला. शपथ घेतली की कटकट मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सारं गाव जमलं. तो उतरत्या पाण्यात घोट्याएवढा उभा राहिला, ओंजळ भरली आणि म्हणाला, "या पाण्याची आण. पाणी जाईल तिथवर माझी जमीन."

सायत्रानं विचारलं, "आणि पाणी येईल तिथवर?"

"तिथवर पाण्याची," रायभान हसत म्हणाला. "घेऊ दे की पाण्याला! येऊन येऊन किती येणार?"

ओंजळ सोडली, पाणी पाण्यात पडलं. बाया रडायला लागल्या. सायत्राची सख्खी जाऊ तिला म्हणाली, "बये, स्वतःच्या हातानं पट्टा देऊन बसलीस की गं! अक्कल गहाण ठेवली होतीस का?" दुसऱ्या दिवसापासून सायत्रा लेकींना घेऊन पलीकडच्या गावी मोलमजुरीला जाऊ लागली. पण येताना जाताना वाट वाकडी करून, कुंपणाच्या बाहेरून का होईना, तलाव पाहून जायची म्हणे.

त्या वर्षी उन्हाळा असा तापला की तलावाच्या मधल्या खोलीत नुसतं थारोळं उरलं. रायभानचं कुंपण त्या थारोळ्यापर्यंत गेलं. त्याला तर आभाळ ठेंगणं झालं. जुनं घर वर होतं, दगडांच्या वर. तिथून पाणी आता लांब दिसायचं. त्याला तर पाण्याकाठी राहायचं होतं! म्हणून त्यानं गाळात, तलावाच्या पोटात, पाण्याला लागून नवं घर बांधायला काढलं. सागाचे खांब आणले, कौलं आणली, पाण्याकडे तोंड करून ऐसपैस पडवी काढली. सारं गाव पाळेवर उभं राहून पाहायचं आणि कुणी बोलायचं नाही. बोलली ती सायत्राच. कामावरून येताना थांबून म्हणाली, "मालक, इथं बांधू नका. ही पाण्याची जागा आहे, ते परत येतं." ज्यानं तिचा घास काढला त्याला तिनं सांगितलं, एवढं लक्षात ठेवा. तो म्हणाला, "तुझा दगड घेऊन तू घरी जा."

पाऊस आला. पहिल्यांदा उशिरा आला, मग आला तो थांबेचना. थारोळ्याचं तळं झालं, तळ्याचा तलाव झाला. पाणी रायभानच्या पडवीला लागलं, पायऱ्या चढलं, माजघरात शिरलं. त्यानं बायकोपोरांना वरच्या जुन्या घरी हलवलं. मग त्याच्या डोक्यात आलं की सांडवाच खोल खणला तर पाणी वाढणारच नाही. कुदळी, पहारी घेतलेली माणसं सोबत घेऊन तो भर पावसात पाळेवरून सांडव्याकडे निघाला.

सांडवा खणला तर काय होतं, तुम्हाला शहरातल्यांना कसं कळावं? तलावाचं पाणी वाहून जातं. मासे जातात, शिंगाडा जातो, खालचा धान दिवाळीआधीच वाळतो. एका घरासाठी साऱ्या गावाचं वर्ष जातं.

सांडव्यात सायत्रा उभी होती.

ती तिथं कधी आली, कुणी पाहिलं नाही. काष्टा घट्ट मारलेला, हात कमरेवर, पाठ तलावाकडे आणि तोंड येणाऱ्यांकडे. पाणी नुकतं सांडव्यावरून वाहू लागलं होतं, तिच्या पोटऱ्यांशी होतं. रायभान ओरडला, "बाजूला हो, बाई." आणि त्या दिवशी पहिल्यांदा सायत्रानं त्याला अरेतुरे केलं. म्हणाली, "रायभान, तू आण घेतलीस. पाणी येईल तिथवर पाण्याचं. आता पाणी येतंय. तू कोण त्याला हाकलणारा? हात तर लाव सांडव्याला!"

माणसं थबकली. कुदळ उगारायची हिंमत होईना. असं सांगतात की तेवढ्यात नवल झालं. सांडव्यावरून वाहणारं पाणी थांबलं. सायत्राच्या दोन्ही बाजूंनी वाट मोकळी होती, तरी पाणी पुढं जाईना. ते तिच्या पाठीला टेकून उभं राहिलं. अनोळखी माणूस दिसला की लेकरू आईच्या मागं दडतं ना, तसं. पोटरीचं गुडघ्याला आलं, गुडघ्याचं कमरेला, कमरेचं खांद्याला. समोरून पाहणाऱ्याला बाईच्या पुढं रिकामा सांडवा आणि तिच्या मागं उभं पाणी. खोटं वाटतं? वाटू द्या. मला माझ्या आजीनं सांगितलं, मी तुम्हाला सांगते.

पाळेवरचे म्हातारे घाबरले. "सायत्रे, पाळ फुटेल! हट तिथून!" ती मागं न पाहता म्हणाली, "आपल्या बापजाद्यांनी माती वाहून बांधली आहे, फुटायची नाही. तुमच्यासारखी कच्ची नाही ती."

हे ऐकून आधी तिची जाऊ सांडव्यात उतरली. तीच, जिनं तिची अक्कल काढली होती. मग आणखी बाया उतरल्या. ज्यांना पाळेला वळसा घालून घागरी वाहाव्या लागल्या त्या सगळ्या. एकमेकींच्या हातात हात घालून उभ्या राहिल्या.

सायत्रा म्हणाली, "रायभान, मागं वळून पाहा. तुझं किती उरलं ते पाहा."

त्यानं पाहिलं. नव्या घराची कौलं तेवढी वर दिसत होती, तीही पाहता पाहता गेली. पाणी पांढऱ्या दगडांवरून चढलं. दगडांच्या वर पाणी कुणी कधी पाहिलं नव्हतं. ते त्याच्या वावरात शिरलं, बांध बुडले, आंब्याची झाडं निम्मी बुडाली. पाणी जुन्या घराच्या ओट्याला लागलं आणि ओट्यावर त्याची बायको लेकरांना कडेवर घेऊन उभी होती. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याच शपथेनं त्याची जमीन हातहातभर संपत होती. रायभानचे डोळे पांढरे झाले. इतका मोठा गडी, गुडघ्यावर बसला.

"सायत्राबाई, बाजूला व्हा! माझी लेकरं आहेत वर!"

"लेकरं मलाही आहेत," ती म्हणाली. "तेव्हा आठवली नाहीत तुला. आता बोल. तुझं कुठवर?"

"दगडापर्यंत."

"मोठ्यानं. गावाला ऐकू जाऊ दे."

"माझं दगडापर्यंत!"

"आणि वाट?"

"वाट साऱ्यांची! माझ्या अंगणातून जा, कधीही जा, मी अडवणार नाही!"

"तू नाही. तुझ्या मागं जो येईल तो?"

"जो घेईल त्याला मी सांगेन. तो त्याच्या पुढच्याला सांगेल. आधी बाजूला व्हा हो, माय!"

सायत्रा एक पाऊल सरकली. असा आवाज झाला म्हणे की चार गावं पलीकडची जनावरं दावणी तोडून पळाली. पाणी सांडव्यावरून खाली गेलं. वावरातून उतरलं, ओट्यावरून उतरलं आणि पांढऱ्या दगडांशी येऊन थांबलं. त्याच्यापुढं त्यानं एक बोटही सोडलं नाही. दगडाच्या खाली जे होतं ते पाण्यानं आपल्याकडे ठेवलं. रायभानचं नवं घर तसंच आत राहिलं.

तुम्हाला वाटत असेल आता म्हातारी सांगेल, सायत्रा पाण्यात बुडाली, तिची देवी झाली. दुसऱ्या गावांच्या कथा अशाच असतात. बाईला पाळेत गाडायचं आणि वर शेंदूर फासून नारळ फोडायचा. आमची सायत्रा गाडून घेणारी नव्हती. ती सांडव्यातून वर आली, लुगडं पिळलं आणि म्हणाली, "लेकी उपाशी आहेत, मी जाते." रायभानच्या अंगणातून, सगळ्यांच्या देखत, अंगणाच्या कडेचं काट्याचं कुंपण पायानं बाजूला सारून सरळ घरी गेली. जिथून तिनं कुंपण मोडलं तोच हा खंड. ज्या घराचा सौदा तुम्ही करायला आलात, त्याच्याच अंगणातला.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं गाळ पेरला. म्हातारी होऊन मेली ती, नातवंडं पाहून.

त्याच्यानंतर रीत पडली. काठावरची जमीन जो घेईल, त्यानं आधी या पांढऱ्या दगडावर यायचं. गाव सोबत असतं. विकणाऱ्यानं गवत बाजूला करून दगड दाखवायचा, हातानं दाखवायचा. तेव्हाची चूक आम्ही परत केली नाही, भाऊ. मग घेणाऱ्यानं तलावाचं पाणी ओंजळीत घ्यायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "माझं दगडापर्यंत, वाट साऱ्यांची." तेवढं म्हटलं की तो आमचा. त्याच्या घरी लग्न असलं तर आम्ही राबतो, दुखणं असलं तर उशाशी बसतो.

न म्हणणारेही येतात. मागं एक साहेब आले होते. या रांगेतलं शेवटचं घर त्यांनी घेतलं, दगडावर आले नाहीत. म्हणाले, ही अंधश्रद्धा आहे. खंडाला भलंमोठं लोखंडी फाटक लावलं आणि कुलूप घातलं. आम्ही भांडलो नाही हो. आम्ही बाया रोज त्या फाटकासमोर घागरी घेऊन उभ्या राहायचो. सकाळी उभ्या, दुपारी उभ्या, त्यांच्याकडे पाहुणे आले की हमखास उभ्या. बोलायचं नाही, शिवी नाही, नुसतं उभं राहायचं. पाहुण्यांनी विचारावं, या बायका कोण? साहेबांनी खिडकीचे पडदे ओढावे. तेवढ्यात तालुक्याहून मोजणीवाले आले, आणि त्यांच्या नकाशातही वाट निघाली आणि हद्दही दगडावरच निघाली. ती निघणारच होती. साहेबांनी स्वतः मिस्त्री बोलावून फाटकाची झडप काढली. ती तिकडे पाळेखाली आडवी टाकलेली आहे, दिसते का? आम्ही तिच्यावर जाळी वाळवतो. मजबूत आहे. साहेब आता चांगले आहेत, जाता येता चहाला बोलावतात.

तेव्हा बाई, तुम्हाला मी घर घेऊ नका असं म्हणत नाही. खुशाल घ्या. पण भरल्या तलावावर भाळू नका. एकदा वैशाखात या आणि पाणी आत गेल्यावर मागं जे उरतं ते पाहा. तिथं कोण पेरतं, कोण घागर भरतं, कोणाच्या पायांनी वाट पडली आहे, ते पाहा. मग कागद करा. पाणी पाहायला तुमचंच आहे, त्यात आंघोळ करा, पाय सोडून बसा. पण पाण्याखालचं कुणालाच मिळत नाही. रायभानला मिळालं नाही. आजही उन्हाळा कडक पडला की तिथं मधे, ती होडी दिसते ना, तिच्या पलीकडे, सागाच्या खांबांची टोकं वर निघतात. पोरं त्यांच्यावर चढून उड्या मारतात. रायभानची पडवी आहे ती.

काय म्हणालात, भाऊ? शपथ नाही घेतली तर? नका घेऊ. कुणाची बळजबरी नाही. तुमच्या नावानं कागद होईल, घर तुमचं होईल, अंगणात खुर्च्या टाकून तुम्ही बसाल. आजही आम्ही सायत्राची माणसं त्याच खंडातून जातो, उद्याही जाऊ. तुम्ही पाहा किंवा पाहू नका, चहा द्या किंवा देऊ नका. मला कुणाची परवानगी लागत नाही, आणि माझ्या नातीलाही लागणार नाही.

चला, ऊन चढलं. शिंगाड्याची दुसरी टोपली काढायला मला खाली जायचं आहे. ही रिकामी टोपली डोक्यावर द्या, बाई. हां, अशी.

सरका जरा, भाऊ. तुम्ही वाटेत उभे आहात.